इसबाची पोर

आमचं घर भडभुंज्याचं. नाशकात, रामकुंडाकडं उतरणाऱ्या बोळात. पुढं दुकान, मधी भट्टी, मागं आम्ही ऱ्हायचो. कढईत वाळू तापवायची, त्यात शेंगदाणे टाकायचे, झाऱ्यानं हलवायचे, चाळायचे. मंग मी सूप घेऊन पाखडायला बसायची. लाल सालं उडायची ती केसात, लुगड्यात, पाण्याच्या हंड्यात, पाळण्यात. फुटाणे आन चुरमुरेबी व्हते, पण यात्रेकरू मागायचे ते दाणेच.

थोरली पोर झाली ती चांगली गुटगुटीत. सहा म्हैन्यांची झाली आन गाल लाल पडले. मंग गालातून लस यायला लागली. मंग कोपराच्या आत, गुडघ्याच्या मागं, कानाच्या पाळीखाली. ओरबाडून ओरबाडून रगत काढायची. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या म्हणल्या, "तुझ्या दुधात आग हाय. आईच तापट, तर पोर कशी थंड ऱ्हाईल."

मी तापट नव्हते. तापायला येळ कुठं व्हता.

माझं तिखट बंद झालं, मंग मीठ बंद झालं. ताक आन भाकर, दोन म्हैने. पोरीला कडुलिंबाच्या पाण्यानं अंगोळ, वर गोमूत्र. शेजारणीनं मोरचूद सांगितलं. मोरचुदाचं पाणी लावलं त्या दिवशी पोर इतकी वरडली की आवाजच बसला, नुसतं तोंड उघडं दिसायचं. आन रोज सकाळी तेल. तेल घरच्या दाण्याचं, घाण्यावरून काढून आणलेलं. चांगलं जिरस्तोवर चोळायचं. ते मीच चोळायची.

दीड वर्साची झाली तवा तिच्या हाताला पिशव्या बांधल्या. आत्याबाईंनी जुन्या लुगड्याच्या शिवल्या, मनगटाला नाडी. हात पिशवीत गेले की ती तोंड भिंतीला घासायची. भिंतीवर त्या उंचीला एक काळा पट्टा पडला व्हता.

तिला दुकानात आणायचं नाय, ही घरची शिस्त. गिऱ्हाईक बघायचं आन पुढं जायचं. एक बाई तर तोंडावर म्हणली, "ह्या पोरीची खपली चुरमुऱ्यात पडली तर कळायची बी नाय गं बाई." त्या सालात देवळात येऊ द्या म्हणून लोक काळ्या रामाच्या दारात बसले व्हते. आत्याबाई म्हणायच्या, "त्यांना आत घ्यायचं नाय आन हिला भायेर आणायचं नाय." आन हसायच्या. मीबी एकदा हसले. हसावं लागायचं.

मंग एक दिवस मी न विचारता पोरीला दवाखान्यात नेलं. डाक्टर तरणा व्हता. दोन बोटांनी तिची हनुवटी वर केली, बघितलं, म्हणला, "इसब आहे. ओरबाडू देऊ नका, कोरडं राहू द्या." आन पुढच्या माणसाला हाक मारली. पांढरं मलम द्यायचं व्हतं, ते संपलं व्हतं, परवा या म्हणला. परवा कोण जाऊ देतंय.

मी शाळेत दोन वर्सं गेले असंन नसंन. आमच्यात त्या रोगाला इसब कोण म्हणायचं नाय, खरूज म्हणायचे नाय तर उष्णता. मला वाटलं इसब हे औषधाचं नाव. वाटंत वाण्याकडं थांबले.

म्हणले, "इसब द्या."

वाणी म्हणला, "इसबगोल?"

"हां, तेच. डाक्टरांनी सांगितलंय."

"पोट साफ व्हायला का?"

"नाय, लावायचंय."

"लावतात बी," तो म्हणला. "गळवाला लावतात लोक." आन पुडी बांधली.

मी ते भिजवलं. गार गार बुळबुळीत झालं. पोरीच्या हातापायाला, गालाला थापलं, वर फडकी बांधली. तिला गार वाटलं आसंल, ती निजली. मी देवाला हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळं वाळून फडक्यासकट अंगाला चिकटलं व्हतं, पापडावाणी कडक. मी म्हणले पाणी लावून भिजवू, हळूहळू सोडवू. आत्याबाई आल्या, म्हणल्या, "काय लावलंस हे?" आन फडक्याचं टोक धरून वढलं. इसबगोल निघालं, त्याच्याबरोबर कातडं निघालं. एका पायाचं, मंग दुसऱ्या पायाचं. मी हात धरला तर म्हणल्या, "थांब, हळूहळू केलं तर लय दुखतं."

बोळात सगळ्यांना कळलं. वाणीच सांगत सुटला. तवापासून माझं नाव वैद्यीणबाई. पाण्याला गेले की बायका म्हणायच्या, "वैद्यीणबाई, माझी टाच दुखतीय, काय भिजवू?"

आत्याबाईंनी त्याच आठवड्यात सांगून टाकलं. ह्यांच्यासमोर सांगितलं, म्हणजे माझ्या मालकांसमोर. "चैतात रामाच्या रथाला गाव भरंल. तवर पोर साफ झाली तर झाली. नाय तर माहेरी नेऊन टाक, आन तूबी तिकडंच ऱ्हा. माझ्या भावाची पोर हाय लग्नाची, तिचे हात चांगले चालतात." हे झारा हलवत व्हते. वाळूचा आवाज मोठा असतो, ऐकू आलं नाय असं म्हणता येतं.

माघात माहेरून निरोप आला, बापाचा पाय मोडला. मला पंधरा दिवस सोडलं, ते म्हैनाभर झालं. माहेर घोटीकडं. तिकडं भात आन नागली, तेल खुरासणीचं. दाणा कोण लावत नव्हतं, खातबी नव्हतं. माझ्या आईनं पोरीला काय केलं? काय नाय. साध्या पाण्यानं धुवायची, नागलीची भाकर दुधात कुस्करून द्यायची. आठव्या दिवशी लस थांबली. पंधराव्या दिवशी खपल्या गळाल्या. खालून गुलाबी कातडं आलं, नव्या पानावाणी. मी पिशव्या सोडल्या. पोर आपल्याच हाताकडं बघत बसली, बोटं उघडायची, मिटायची.

आई म्हणली, "हवा मानवली."

मीबी तेच समजले. चैताच्या आधी पोर साफ घेऊन आले तर आत्याबाईंनी तिला कडंवर घेतलं, खोटं कशाला सांगू. दुकानाच्या फळीवर बसवलं. येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवलं. "बारीक झालीय गं," म्हणल्या, आन दाण्याचं कूट गुळात मळून तिच्या तोंडात घातलं. सांजंला पोरीचे ओठ सुजले. चार दिवसांत कोपरं परत वली झाली.

आता मी बघायला लागले. हवा तर बोळातली तीच, पाणी गोदेचं तेच. माहेरी नव्हतं असं इथं काय हाय? पाखडताना सुपाकडं बघत व्हते आन हात थांबला. पण इसबगोलाची अद्दल घडलेली. खात्री केल्याबिगर तोंड उघडायचं नाय ठरवलं. एक दाणा घेतला, चावला, आन पोरीच्या पोटरीवर, जिथं कातडं चांगलं व्हतं तिथं, लावला. ती माझ्याकडं बघून हसत व्हती, तिला वाटलं खेळ हाय. चूल पेटंस्तोवर तिथं गांधी उठल्या, मोठ्या, पांढऱ्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पोटरीला लावून बघितलं. परत तेच. दोनदा केलं मी ते.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी पहिल्यांदा इकडं तिकडं बघितलं. म्हणले, "हळू बोल. भडभुंज्याच्या घरात दाणा बाधतो म्हणलीस तर गिऱ्हाईक येईल का दारात?"

आत्याबाईंनी ऐकलंच. "आधी इसबगोल, आता दाणे. उद्या म्हणशील मीच बाधते."

मी म्हणले, "तिला देऊ नका फकस्त. यवढंच म्हणते."

"चार पिढ्या ह्या दाण्यावर जगल्यात. वैद्यीणबाई, तुझ्या अंगावरचं लुगडं बी दाण्याचंच हाय."

तीन बायका दुकानापुढं उभ्या व्हत्या. त्यांनी सगळं ऐकलं, हेच आत्याबाईंना लागलं. त्यांनी पोरीला फळीवर घेतलं, ताजे दाणे मुठीत चुरडले, स्वतः खाल्ले आन उरलेले पोरीला भरवले. "बघा, काय व्हतंय का." पोर खायला लागली, गोड लागत व्हतं तिला. मी पुढं झाले तर ह्यांनी माझा दंड धरला.

पहिल्यांदा ती खोकली. मंग वकली, चुरमुऱ्याच्या टोपलीत. मंग तोंड फुगलं, डोळे मिटून गेले, नुसत्या दोन चिरा. श्वास घेताना शिट्टीवाणी आवाज. ह्यांचा हात आपोआप सुटला. मी तिला उपडी मांडीवर घेऊन बसले. बायका निघून गेल्या. भट्टीवर दाणे करपत व्हते. पार ऊन उतरल्यावर तिचा श्वास सरळ झाला.

आत्याबाई चुकले म्हणल्या नाय, कधीच नाय. यवढंच म्हणल्या, "पोर जाऊ दे तिकडं. तू नाय. रथाला आठ दिवस ऱ्हायलेत, भट्टीला हात पाहिजेत."

मला तवा दुसऱ्या खेपेचे तीन म्हैने व्हते. पोरीबरोबर गेले असते तर आत्याबाईंच्या भावाची पोर घरात आलीच असती, आन पोटातल्याला बाप नसता. मी ऱ्हायले. माझा भाऊ येऊन पोरीला घेऊन गेला. टांग्यात ती त्याच्या मांडीवर बसली, मागं बघितलं नाय. नवी घंटा बांधली व्हती घोड्याला, ती बघत व्हती.

पोर तिकडं चांगली झाली. मी वर्साकाठी एकदोनदा जायची. जायच्या आधी राखेनं हात घासायची, शिकेकाईनं केस धुवायची. तरी दाणा माझ्यातून जायचा नाय, नखात, लुगड्याच्या काठात. पोरीला पोटाशी धरलं की जिथं जिथं माझा हात लागला तिथं तिथं चट्टे उठायचे. माझ्या पाच बोटांचे पाच, मोजून घ्या. ती आजीकडं पळायची, "आजी, आयनं चावलं."

धाकटा अंगावरून सुटल्यावर माझ्या ध्यानात आलं. भट्टीला मी शिवत नाय असे म्हैन्यात चारच दिवस, कावळा शिवल्यावर. तवा बाजूला बसायचं, दाण्याला हात नाय. मी आत्याबाईंना म्हणले, "बसून खाण्यापरीस माहेरी जाऊन येते." त्यांनी सोडलं. दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून नाशिकरोडहून गाडीत बसायची. हात स्वच्छ असायचे. पण त्या चार दिवसांत माहेरीबी कुणाला शिवायचं नसतं. आई माझं ताट पडवीत ठेवायची. पोर आतून बघायची, मी भायेरून.

एकदा मी आईला सांगितलंच नाय. पोरीला मांडीवर घेतलं, वेणी घातली, दिवसभर सोडलं नाय. एक गांधी उठली नाय. ती माझ्या हाताचा वास घेत व्हती, म्हणली, "आज तू चावत नायस." आईला संध्याकाळी कळलं. तिनं मला काय म्हणलं ते ऱ्हाऊ द्या. पोरीला अंगणात उभी केली, डोक्यावरून घागर वतली, आन बजावलं, "विचारल्याबिगर आईला शिवायचं नाय."

पोर शहाणी, लगीच शिकली. पुढच्या खेपेला मी आले तर पडवीच्या खांबाला धरून उभी ऱ्हायली. चार वर्सांची व्हती. तिथूनच विचारलं, "आय, आज दाणे का कावळा?"

मी खरं ते सांगितलं. म्हणले, "कावळा."

"बरं," म्हणली, आन खेळायला गेली.