आईच्या माहेरचं

गांजानं भावाचं डोकं फिरलं. भिंतीतून माणसं बोलतात म्हणून तो भिंतीशी भांडायचा. डॉक्टरांनी वडिलांना समजावलं, "जनुकं जन्मापासून तीच असतात. पण नशेनं मेंदूतली काही जनुकं जादा काम करायला लागतात, काही गप्प बसतात. तुमच्या यंत्रमागावर नक्षी ठरवणारं भोकांचं कार्ड तेच असलं, तरी भलतेच धागे उचलले गेले तर चादरीवरचा मोर बिघडतो की नाही? तसंच."

वडिलांनी मान हलवली. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर चादरीच विणल्या होत्या. डॉक्टरांचं बोलणं आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त कळलं.

घरी आलो तर शेजारीण दारात उभी. डॉक्टर काय म्हणाले, तिनं विचारलं.

"जनुकाचं हाय," वडील म्हणाले. "हिच्या माहेरचं."

पोरगा गांजा ओढतो हे सांगायची त्यांना लाज वाटली. आईचं माहेर पुढं करताना वाटली नाही. आई चपला काढून आत गेली.

दोन महिन्यांनी माझं ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलगी चांगली आहे, पण तिच्या आजोळी वेड आहे असं कळलं, एवढाच निरोप. तो ऐकून वडील भयंकर चिडले. आईवर.