नाव नसलेल्यांना वेगळं विचारावं लागतं

लातूरचा संगमेश्वर नेमकं काय काम करतो, हे त्याच्या गल्लीत कुणालाच धड सांगता येत नव्हतं. "कम्प्युटरवर कायतरी लिहीत बसतो," एवढंच. आता खरं सांगायचं तर काम साधं होतं, पण डोकं खाणारं. एका प्रोग्रामिंग भाषेचं मॅन्युअल तो मराठीत लिहीत होता. त्याच्या वाट्याला आलेलं प्रकरण डेटाबेसला प्रश्न विचारणाऱ्या फंक्शनांचं. कोणतं फंक्शन काय विचारतं, उत्तरात काय देतं आणि कुठे दगा देतं, ते सगळं लिहायचं. इंग्रजी पानं बघून ज्या पोरांना घाम फुटतो त्यांना आपल्या भाषेत कळावं, म्हणून हा माणूस एकेका वाक्याशी झुंजत बसायचा.

अशाच एका वाक्याशी झुंजत असताना त्याची आई घरातून निघून गेली.

लक्ष्मम्मा मूळची बिदरकडची. लग्न होऊन उदगीरला आली आणि उभा जन्म मराठीत संसार केला. शेजारणींशी भांडली तीही मराठीतच, आणि कधी हरली नाही. पण म्हातारपणी विसर पडायला लागला, आणि तो काय साधा विसर होता होय! आधी सुनेचं नाव गेलं, मग घर कुठलं ते गेलं, मग मराठी गेली. उरलं माहेरचं कानडी आणि लेकाचं नाव. त्या सकाळी ती पदर सावरून त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"संगू, मनीगे होगोण." संगू, घरी जाऊ या.

"थांब अव्वा, एवढी ओळ होऊ दे."

मान न वळवता तो कानडीतच म्हणाला. ओळ काही जमेना. शेवटी वैतागून उठला, तर दार सताड उघडं आणि अव्वाच्या चपला जागेवर नाहीत.

मग सुरू झाली वणवण. पोलिसांत तक्रार दिली, बसस्टँड पालथं घातलं. पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट. म्हातारी चढली तर कंडक्टर जागा करून देणार, फार विचारपूस करणार नाही. मग ती कुठं उतरली हे कुणाला ठाऊक? उदगीर झालं, चाकूर झालं, औसा झालं. बिदरला मामाच्या दारात उभा राहिला, तर मामीच रडायला लागली आणि तिलाच धीर द्यायची पाळी आली. फोटो गावोगावच्या ग्रुपवर फिरला. लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. त्याचं काय लोणचं घालायचं?

नांदेडच्या काही तरुणांची एक साइट होती. मराठवाड्यातल्या दवाखान्यांत आणि निवाऱ्यांत भरती झालेल्यांची माहिती ते एका जागी गोळा करत. आजारी माणसांचे फोटो लावायचे नाहीत, असा त्यांचा नियम. नाव टाकून शोधायचं. संगमेश्वरने "लक्ष्मम्मा" टाकलं. मग "लक्ष्मीबाई" टाकलं, आडनाव टाकलं, वडिलांचं नाव टाकून बघितलं. पडद्यावर एकच वाक्य यायचं: एकही नोंद सापडली नाही. जेवताना, बसमध्ये, पोलीस चौकीच्या बाकावर, जिथे असेल तिथे तो तेच नाव टाकत राहिला आणि तेच वाक्य वाचत राहिला.

बायको मंजुश्री म्हणाली, "दोन घास खाऊन घ्या, तुम्हीच पडलात तर अव्वांना कोण शोधणार?"

"मी शोधतोय होय? मीच घालवली तिला," तो ओरडला. "मान वळवली असती तर काय झिजली असती माझी?"

आणि ताटावर बसल्या बसल्या हुंदके द्यायला लागला. एवढा बाप्या गडी, पण लाज वाटायच्या पलीकडे गेला होता. आई जिवंत आहे का, हे विचारायची हिंमत घरात कुणालाच होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने लॅपटॉप उघडला तो काम सोडतो असं कळवायला. जळो ते मॅन्युअल. पण फाइल उघडली ती नेमकी त्या सकाळी सोडलेल्या जागी. अर्धी ओळ तशीच लोंबकळत होती: "नाव जुळवून शोधताना नावाचा रकाना रिकामा असेल तर…"

रागारागाने त्याने ती पुरी केली. "…तर ती नोंद उत्तरात येत नाही. 'अमुक नाव नसलेल्या सगळ्या दाखव' असं विचारलं तरी येत नाही. रिकामे रकाने वेगळे विचारावे लागतात."

पूर्णविराम दिला, आणि ती ओळ पुन्हा वाचली.

अव्वाला आपलं नाव तरी कुठं आठवत होतं! कुणी विचारलं असेल तर तिने काय सांगितलं असेल, कपाळ? मग तिच्या नावाच्या रकान्यात कोण काय लिहिणार?

त्याने नांदेडला फोन लावला. विशाखा नावाची मुलगी बोलली.

"ताई, ज्या बायांच्या नावाचा रकाना रिकामा हाय, त्या दाखवा मला."

"सर, तसं बटन न्हाई आमच्यात. नाव टाकावंच लागतं."

"बटन मरू द्या! तुम्ही मशीनवर बसा, मी सांगतो तसं लिहा."

मॅन्युअलमधलं फंक्शन त्याने फोनवर अक्षर न अक्षर सांगितलं. पलीकडे बटणं वाजली.

"अगं बाई!" विशाखाचा आवाज उतरला. "सर, लई जणी हायत हो ह्या. ह्यांना कुणी बघितलंच न्हाई."

"एकेक वाचा, ताई. पाया पडतो तुमच्या."

ती वाचत गेली. वेडसर वाटते. बोलत नाही. भाजलेली. मग एक आली: वय अंदाजे पंचाहत्तर, नांदेड बसस्टँडवर पडलेली आढळली, मांडीचं हाड मोडलेलं, भाषा समजत नाही, गळ्यात चांदीची डबी, हात लावू देत नाही.

त्या डबीत अव्वाचं इष्टलिंग, लिंगायतांच्या गळ्यातलं! आंघोळीलासुद्धा ते ती गळ्यातून काढत नसे.

नांदेडला पोचेपर्यंत एसटीत त्याने पाण्याचा घोटही घेतला नाही. दवाखान्यातल्या नागुबाई मावशींनी त्याला वॉर्डाच्या दाराशीच अडवलं, आणि त्याने कानडीत आईला हाक मारलेली ऐकून त्या बघतच राहिल्या.

"तुमीच का संगू? आवं, रातंदिस तुमचंच चालू हाय त्यांचं. संगू, संगू. मी म्हणलं लिहून घ्या की कागदावर, ही बाई कुणाला हाका मारती ते. तर म्हणले, मावशी, त्याला रकाना न्हाई."

कोपऱ्यातल्या खाटेवर ती होती. पायाला वजन लावलेलं, तोंड एवढंसं झालेलं, मूठ छातीवरच्या डबीवर घट्ट. संगमेश्वर खाली वाकला.

"अव्वा, बंदे नोड. आलो बघ मी."

लक्ष्मम्माने डोळे बारीक करून त्याला नीट न्याहाळलं. दाढी वाढलेला, डोळे सुजलेला हा कोण परका माणूस?

"नी यारप्पा?" ती म्हणाली. तू कोण रे बाबा?

त्याने आपलं नाव सांगितलं. दोनदा सांगितलं. तिने मान हलवली, त्याचा हात बाजूला सारला आणि दाराकडे बघत राहिली. मग कानडीत, लहान पोराला समजवावं तशी म्हणाली, "संगूची ओळ व्हायची आहे. ती झाली की येईल तो. मग आम्ही घरी जाणार."

संगमेश्वरने हात मागे घेतला. "बरं अव्वा, येऊ दे त्याला," एवढं म्हणून तो तिच्या पायाशी फरशीवर बसला आणि तिच्यासारखाच दाराकडे बघत राहिला.