शिगेचा मैदा

संयोगिताचं माहेर उचगावचं. तिथं अप्पा दारात आलेल्याला जोंधळा घालायचे, तो मापाच्या काठावर ढिगाची शीग चढवूनच. सपाट माप देणं म्हणजे समोरच्याचा पाणउतारा, हे तिच्या अंगात लहानपणीच भिनलं. पुढं कॉलेज झालं, लग्न होऊन ती राजारामपुरीत आली, तरी डब्यातून काही काढायचं झालं की वाटीवर डोंगर उभा राहायचाच.

मागच्या वर्षी तिची मुलगी भैरवी पुण्याची नोकरी सोडून घरी आली. तिथं तिची झोप उडाली होती, जेवण सुटलं होतं. इथं केक करायला लागली आणि हळूहळू ताटावर नीट बसू लागली. म्हणून संयोगिताला त्या ओव्हनचा फार आधार वाटायचा. पण गेले दोन केक बिघडले. दुसरा शेजारच्या शालूबाईंनी चाखला.

"भैरवे, ह्यो केक हाय का पाटा? चहात बुडवला तरी मऊ हुईना की."

भैरवी हसली नाही. "रविवारचाही असाच झाला तर मी पुण्याला परत जाते," एवढंच म्हणाली. रविवारी गल्लीतल्या अनुजाच्या लेकाचा वाढदिवस होता. भैरवीची पहिलीच ऑर्डर.

आपण होईल तेवढा हात लावावा, म्हणून रविवारी सकाळी लेक अंघोळीला गेल्यावर संयोगितानं मैद्याचा डबा उघडला. कप भरला, ओट्यावर आपटून मैदा दाबून बसवला आणि वर शीग चढवली.

केस पुसत भैरवी दारात उभी होती.

"आई, हे काय?"

"मैदा. दोन कप म्हणालीस की."

"आधीच्या दोन्ही वेळी तूच मोजला होतास?"

"तू आवरत होतीस. म्हटलं, तेवढंच तुझं काम हलकं."

भैरवीनं खोक्यातच पडून राहिलेला छोटा वजनकाटा काढला. आईचा कप भरला एकशे पंचाहत्तर ग्रॅम. मग तिनं मैदा चाळून मोकळा केला, चमच्यानं अलगद कपात सोडला आणि सुरीनं काठाबरोबर सपाट केला. एकशे पंचवीस.

"दोन कपांत शंभर ग्रॅम जादा. दूध-अंडी पुरणार कशी त्याला?"

"अगं, पण पोराच्या वाढदिवसाचं हाय. सपाट घालताना हात आखडल्यागत वाटतं."

"कप ऱ्हाऊ दे आता. काट्यावर अडीचशे घाल."

संयोगिता जपून मैदा सोडत गेली. आकडा अडीचशेवर आला तरी वर घालायला घेतलेली चिमूट हातातून सुटेना.

"बघतेय मी," भैरवी म्हणाली.

"घातला न्हाय की." चिमूट डब्यात परत गेली.

केक फुगला. बोटानं दाबला तर खळगा लगेच भरून आला. कापून काढलेल्या कडा भैरवीनं उभ्याउभ्याच खाल्ल्या, सगळ्या. संयोगिता भांडी विसळत चोरून बघत राहिली.

संध्याकाळी अनुजा न्यायला आली. संयोगितानं केकच्या खोक्यावर शंकरपाळ्यांची पिशवी ठेवली.

"काकू, हे कशाला आणि?"

"असू दे गं."

"ती शीग हाय," आतून भैरवी म्हणाली. "घेऊन जा, न्हायतर तिला झोप येणार न्हाय."

अनुजा गेल्यावर भैरवीनं काटा पुसला. तो खोक्यात न घालता तिनं मैद्याच्या डब्याशेजारी ठेवला. संयोगितानं पुण्याचं विचारलं नाही.