नाणी बदलायची हमाली

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. मागच्या वर्षी तो सगळा मोबाइलवर निघायचा.

मी बियाण्यांच्या पाकिटांवरची चित्रं काढते. वांगी, भेंडी, दोडका. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या बक्कळ, त्यामुळे घरबसल्या काम मिळत गेलं. मग परदेशातल्या एका दुकानदाराने माझी चित्रं इंटरनेटवर पाहिली आणि दर आठवड्याला चार चित्रं मागू लागला. पैसे मात्र तो क्रिप्टोतच द्यायचा. त्याचं ते नाणं असं लहरी, की सकाळचा भाव संध्याकाळी सापडायचा नाही. म्हणून ते आलं रे आलं, की मी ते डॉलरच्या भावाशी बांधलेल्या दुसऱ्या नाण्यात बदलून घ्यायचे. त्या अदलाबदलीची फी दर वेळी कापली जायची आणि दर वेळी मी मोबाइलला शिव्या घालायचे.

हे पैसे आबांच्या कानांसाठी होते. आबा म्हणजे माझे वडील. जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांनी उभं आयुष्य मापाडी म्हणून काटा सांभाळला. गेल्या तीन वर्षांत त्यांचं ऐकणं जवळजवळ बंद झालं होतं. घरात आमचं बोलणं पाटीवर चालायचं. मी लिहायची, ते बोलायचे. डॉक्टर म्हणाले, मशीन दोन्ही कानांना लावा. एकाच कानाला लावलं तर आवाज येईल, पण तो कोणत्या बाजूने येतोय ते कळणार नाही. मला ते लगेच पटलं, कारण नुकतेच आबा मागून येणाऱ्या मोटारसायकलला वाट द्यायला म्हणून तिच्याच पुढ्यात सरकले होते. गुडघा खरचटण्यावर निभावलं. आबांचं म्हणणं, या वयात एका कानावर भागतं. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत जुन्या भावात द्यायचं कबूल केलं. माझी शिल्लक अगदी काठावर होती. फी अशीच जात राहिली असती तर एकच कान आला असता.

एका दुपारी मी मोबाइल पलंगावर आपटला. आबांनी भुवया उडवून काय झालं ते विचारलं. मी पाटीवर लिहिलं, नाणं बदलायची हमाली फार कापतात. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"हमाली पोत्यावर हाय का मालावर?"

मला वैतागच आला. कुठे ही नाणी आणि कुठे यांचा मोंढा. पण आबा एकदा विचारायला लागले की पिच्छा सोडत नाहीत, म्हणून मी मागच्या सगळ्या अदलाबदली काढून बघितल्या. थोडं बदललेलं असो की दुप्पट, नाणं इकडून तिकडे नेणाऱ्या नेटवर्कची फी जवळपास तेवढीच. अदलाबदल करून देणाऱ्या साइटचा टक्का तेवढा रकमेप्रमाणे वाढत होता. म्हणजे दलालाची अडत टक्क्याने आणि हमाली पोत्यावर, हुबेहूब मोंढ्यासारखं. मी तसं लिहिलं. आबा हसले.

"मंग पायली-पायली घेऊन बाजारात कशाला जाऊन राह्यली? पोतं भरू दे की."

पोतं भरेपर्यंत भाव पडला तर, असं मी लिहिलं. त्यावर त्यांनी थोडा विचार करून सांगितलं, की दुकानदारालाच विचार, महिन्याचं काम त्याच्याच वहीत राहू दे आणि ज्या दिवशी देशील त्या दिवसाच्या डॉलरच्या भावाने एकदम दे म्हणावं. मला असं मागायची लाज वाटत होती. तरी लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याचं एका ओळीत उत्तर आलं, चालेल. त्या माणसाचं तोंडही मी पाहिलेलं नाही, पण त्या एका ओळीबद्दल आजही त्याचे आभार मानते.

मग आबांनाच या कामाचा नाद लागला. मला म्हणाले, काटा मोकळा कधी असतो ते बघ, गर्दीत हमालही भाव खातात. मी आठवडाभर सकाळ, दुपार, संध्याकाळ नेटवर्कची फी पाहून पाटीवर लिहीत गेले. आपल्याकडे संध्याकाळ झाली, तिकडे लोकांची कामं सुरू झाली, की फी चढायची. रविवारी सकाळी ती सगळ्यांत खाली असायची. पुढे मला फी शून्य असल्याचं सांगणारी एक साइट सापडली आणि मी ती मोठ्या तोऱ्यात आबांना दाखवली. त्यांनी फी बघितलीच नाही, भाव काय लावलाय ते विचारलं. भाव इतका पाडलेला होता, की वाचलेल्या फीपेक्षा जास्त तिथेच जात होतं.

"कापलं किती ते सोड," आबा म्हणाले. "हातात किती पडतं ते बघ."

तेव्हापासून मी दोन-तीन साइट उघडून सारखीच रक्कम टाकायची आणि शेवटी दुसरं नाणं किती मिळतंय तेवढंच बघायची. सरकारचा कर वेगळा. तो चुकवायचा नव्हताच, पण अदलाबदली कमी झाल्या तशी त्याची लिखापढीही कमी झाली.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी शेवटची अदलाबदल केली, आणि तिथेच माती खाल्ली. आबांची एक सवय होती. पारड्यात एक दाणा राहू द्यायचे नाहीत, तळव्याने झाडून माप पुरं करायचे. लहानपणी मोंढ्यात त्यांच्याजवळ बसून मी ते रोज बघायची. त्याच वळणाने मी पहिलं नाणं झाडून सगळं बदललं. हातात पडलं ते चांगलंच पडलं. पण ते एक्सचेंजवर पाठवून त्याचे रुपये करायला गेले, तर ते जागचं हलेना. त्या नेटवर्कवर हमाली फक्त पहिल्या नाण्यातच घेतात आणि माझ्याकडे त्याचं टरफलसुद्धा उरलेलं नव्हतं. एक्सचेंजवरून चिमूटभर मागवायचं तर त्यांचीच काढणावळ, म्हणजे नाणं बाहेर काढायची फी, एवढी, की महिन्याची बचत त्यात गेली असती. मी मोठ्याने रडले. आबांना ऐकू येत नाही, हे त्या दिवशी मला सोयीचं वाटलं आणि त्याची आजही लाज वाटते.

शेवटी मी कॉलेजातल्या मैत्रिणीला फोन केला. ती हसनाबादला शिक्षिका आहे आणि हे नाण्यांचं सगळं तिनेच मला शिकवलं होतं. आधी ती पोट धरून हसली, मग तिने आपल्याकडचं थोडं नाणं पाठवून दिलं. दहा मिनिटांत माझं अडकलेलं सुटलं. उसनं परत करते म्हटलं तर म्हणाली, "परत पाठवायला पुन्हा हमाली पडंल. राहू दे."

आबांना मी सगळं लिहून सांगितलं. आता बोलणी बसणार, याची तयारी करून बसले होते.

"चूक माझी हाय, बाई. हमालाचं आधी बाजूला काढून ठेवायचं असतंय. झाडायचं तेवढं तुला दाखवलं, हे सांगितलंच न्हाई."

दिवाळीच्या दोन दिवस आधी दोन्ही मशीनं आली. डॉक्टरांकडून येताना आबा रस्त्यावरच्या रिक्षांकडे बघत राहिले. घरी आल्यावर ते खिडकीशी तोंड करून बसले. मी त्यांच्या मागे, डाव्या हाताला ओट्यापाशी चहा ठेवत होते. आमच्या घरात एकमेकांचे आभार मानायची पद्धत नाही, तोंडावर तर नाहीच. मी चहाच्या पातेल्याकडे बघत, अगदी हळू म्हटलं, "आबा, तुमच्यामुळं झालं हे."

त्यांनी इकडेतिकडे शोधलं नाही. मान वळवली ती बरोबर माझ्याकडेच.

"काय म्हणली?"

"ऐकू आलं नाही का?"

"आलं," आबा म्हणाले. "तरी परत म्हण."