काळा चहा आणि कमरेची गोळी

मार्गशीर्षातला गुरुवार, सकाळ. घरात हजर: सासूबाई, धाकटी जाऊ आणि मी. पुरुष मंडळी शेतात.

कापूस वेचून जाऊची कंबर धरली होती. दिरांनी शेलूबाजारहून दुखण्याच्या गोळ्या आणल्या होत्या, आणि चार दिवसांपासून ती त्या घेत होती. जेवून घ्या, असं दुकानदारानं सांगितलं होतं. पण जाऊचे गुरुवार निरंकार. नैवेद्य होईपर्यंत फळसुद्धा नाही. तिच्या हिशेबात काळा चहा तेवढा बसत होता. सासूबाई म्हणायच्या, "तुह्या देवीले चहा बरा चालते, केयं चालत नाही."

त्या सकाळी तिनं चहासोबत गोळी घेतली. मी टोकलं, आधी काही खा.

"गोयीनं उपास मोडत नाही, बाई. खाल्ल्यानं मोडते."

कलशाला पानं लावताना ती पोट धरून वाकली. आग पडते म्हणाली, आणि मी नारळ धुवून येईस्तोवर त्याच पट्टीतली आणखी एक गोळी तिनं गिळली होती. पोटदुखीवर. मग हळूच सांगितलं, की कालपासून शौचाला डांबरासारखी काळी होते आहे.

सासूबाईंची थट्टा तिथंच थांबली.

मी जीप सांगितली. पूजा झाल्याशिवाय निघणार नाही, असं जाऊचं म्हणणं होतं. उठायला गेली आणि भिंतीला टेकून खाली बसली. चेहरा पांढरा, कपाळ गार, घामानं ओलं. मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, गोळ्या जेवून घेतल्या की उपाशीपोटी? पोटात जखम होऊन आतून रक्त जातं आहे, म्हणाले, आणि त्याच जीपनं आम्हाला वाशिमला पाठवलं.

ती वाचली. दवाखान्यातून निघताना तिथल्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं, ही गोळी आता कायमची बंद, जेवूनसुद्धा नाही. काही दुखलं तर आधी विचारायचं. घरी आल्यावर ती पट्टी मी स्वतः चुलीत टाकली.

आज पुन्हा गुरुवार. कलश मांडला आहे. कपाशीची शेवटची वेचणी चालू आहे, आणि जाऊ काल शेतातून कमरेवर हात ठेवून आली. सकाळी फडताळ पुसताना हळदीच्या डब्यामागे त्याच गोळ्यांची नवी पट्टी सापडली. एका गोळीचं घर फोडलेलं. मोरीत काळ्या चहाचा कप.

सामान आलं, फुलं आली, नैवेद्याची डाळ भिजली. जाऊ देवापुढं पाठमोरी बसली आहे. तिला विचारायचं तेवढं राहिलं आहे.