थंडीतल्या पाल्याचं तेल

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळचे साडेआठ. रक्कम चाळीस हजार आठशे रुपये. हजर चौघे: मी, माझा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि आमच्या पॉलिहाऊसवर भट्टी चालवणारा कामगार.

आकडा माझा होता. शहराबाहेर आम्ही एक एकरावर विलायती तुळस लावतो आणि पाल्याचं तेल काढून अंबरपेठेतल्या एका साबणवाल्याला देतो. मार्च ते जूनमध्ये शंभर किलो पाल्याला सरासरी एकशे ऐंशी मिलिलीटर तेल निघालं. तो आकडा मी खडूने शेडच्या भिंतीवर लिहिला. पावसाळ्यात भट्टी बंद होती. नोव्हेंबरपासून शंभर-शंभर किलोच्या चाळीस भट्ट्या लागल्या आणि दर भट्टीला पंच्याऐंशी मिलिलीटर कमी भरले. बारा रुपये मिलिलीटरने हिशेब करून मी आदल्या संध्याकाळी काचीगुड्याच्या घरी वही भावापुढे सरकवली. त्याच आठवड्यात साबणवाल्याने कॅन परत पाठवला होता. तेलाला बडीशेपेचा वास येतो, मिलावट आहे, म्हणाला.

भावाने शेडमध्ये शिरल्या शिरल्या वाफेचा लोखंडी पाइप उचलला.

"बोल, किसकू बेचा?"

"किसकू नई बेचा साब. ठंड में पत्ता तेलइच नई छोडता. बडे साब कू बोला था मैं."

पाइप त्याच्या खांद्यावर पडला. दुसरा फटका त्याने हातावर झेलला आणि हाडाचा आवाज मला दाराशी ऐकू आला. तो खाली बसला. भावाने त्याला लाथ घातली, तोंडावर. ओठ फाटून रक्त शर्टावर आलं.

तो खरं बोलत होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने मला हे सांगितलं होतं: ऊन कोवळं, रात्र गार, पान जाड दिसतं पण आत काही नसतं. मी ऐकलं आणि लिहिलं नाही, कारण त्यात आकडा नव्हता.

"थांब," मी म्हणालो. "आत्ता भट्टी लावू. सगळ्यांसमोर. पंचवीस किलो."

"दादा, तू मध्ये येऊ नको. तुझीच वही बोलते आहे."

"वही चुकीची असू शकते."

तो हसला. "तुझी? नक्को रे. चाळीस वर्षांत तू कधी चुकलास?"

भावजयीने भिंतीवरचा विळा घेतला. आमच्या घरात रविवारी तुळस खुडत नाहीत, आणि या झाडालाही ती एरवी रविवारी हात लावत नसे. त्या दिवशी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही वजन करा. मी कापते."

कामगाराला दवाखान्यात नेतो म्हणालो तर भावाने आवाराच्या फाटकाला कुलूप लावलं. तेल निघेपर्यंत कोणी जाणार नाही. तो माणूस मोडका हात मांडीवर धरून पोत्यांना टेकून बसला. भट्टीखाली किती जाळ ठेवायचा ते फक्त त्यालाच माहीत होतं, म्हणून तोच सांगत होता, "कम करो साब. और कम. जल जाता." आणि ज्याने त्याला मारलं तो निमूटपणे जाळ कमी करत होता.

त्याआधी पाला कापताना भावजय मध्येच थांबली होती. दोन ओळींतली दोन पानं चुरडून तिने नवऱ्याच्या नाकाशी धरली. एक आमचं नेहमीचं, मोठ्या पानाचं इटालियन. दुसऱ्याला जांभळा देठ आणि सरळ बडीशेपेचा वास.

"ही रोपं कोणी आणली?"

पावसात काही इटालियन रोपं कुजली तेव्हा ऑक्टोबरमध्ये भावानेच नर्सरीतून स्वस्त म्हणून थाई जात आणली होती. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: रोपे दोन हजार दोनशे. कोणती, हा रकानाच मी आखला नव्हता.

तीन तासांनी तेल मोजपात्रात उतरलं. उन्हाळ्याच्या सरासरीने पंचेचाळीस यायला हवं होतं. चोवीस आलं. मी दोनदा डोळे पातळीला आणून पाहिलं. चोवीसच, म्हणजे शंभर किलोला शहाण्णव, नोव्हेंबरपासून भरत होतं जवळपास तेवढंच.

"चोर नाही तो," मी म्हणालो.

भावाने ते मोजपात्र माझ्या हातातून हिसकावलं आणि भिंतीवर फेकलं. काच उडून माझ्या भुवईत गेली. "मग सगळे मिळून मला वेडा ठरवा!" तो ओरडला आणि परत पाइपाकडे वळला, जमिनीवर बसलेल्या माणसाकडे बघत.

मी त्याला मारलं. पन्नाशी ओलांडेपर्यंत मी कोणावर हात उगारला नव्हता. पहिला ठोसा कानाखाली, दुसरा तोंडावर, तिसरा तो पडत असताना. तिसरा नको होता, तरी मारला. माझ्या बोटाला त्याचा दात लागला. भावजयीने त्याच्या खिशातून किल्ली काढली, आम्हा दोघांकडे न बघता कुलूप उघडलं आणि त्या माणसाला उठवून गाडीत बसवलं.

मनगटाची दोन हाडं मोडली होती. प्लास्टर सहा आठवडे. त्याची बायको दवाखान्यात आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, कमी भरलेला आकडा कोणी काढला तेही. ती म्हणाली, "आप लिखे, वो मारे. हमकू तो दोनोच एक."

मी पोलिसांत जायला सांगितलं, सोबत येतो म्हणालो. नवऱ्याने मान हलवून नकार दिला. पुन्हा आमच्या भट्टीवर यायलाही.

त्या आठवड्यातल्या बुधवारी हिशेब पुरा केला. दवाखान्याच्या खिडकीवर नऊ हजार चारशे. सोळा हजारांप्रमाणे तीन महिन्यांचा पगार, अठ्ठेचाळीस हजार, त्याच्या बायकोच्या हातात. तिने सुलतान बाजारच्या बस स्टॉपवर उभ्याने नोटा दोनदा मोजल्या आणि बसमध्ये चढली. दोन्ही रकमा माझ्या खात्यातून. भावाकडून काही घेतलं नाही.