सॉफ्टनिंग, सूदिंग, कामिंग

माझ्या सासूबाई बाळंतिणींच्या घरी जाऊन बाळांना तेल लावतात, अंघोळ घालतात. मागच्या वर्षी त्यांचा गुडघा सुजला, खाली बसताच येईना, आणि सदाशिव पेठेतलं एक घर तर त्यांनी कबूल करून ठेवलेलं. मला म्हणाल्या, "तू जा. नाहीतर ते दुसरीला धरतील, आणि दुसरी घर सोडायची नाही." मी? माझी पोरगी तेव्हा आठ महिन्यांची, तिच्याशिवाय कुणाच्या बाळाला मी हात लावलेला नाही. 

त्यात आदल्या दिवशी त्या घरच्या ताईंनी फोनवर फोटो पाठवला, तीन बाटल्यांचा. मी आठवी शिकलेली. नवऱ्याकडून वाचून घेतलं. आधी सॉफ्टनिंग, ते तेल, अंग मऊ करतं. मग सूदिंग, तो साबण, त्यानं आग निवते. मग कामिंग, ते क्रीम, अंगाला चोळलं की बाळ शांत होतं. मला ते शब्द इतके आवडले! बिबवेवाडीपासून बसमध्ये तेच घोकत गेले, बाजूची बाई बघायला लागली.

दार आजींनी उघडलं, ताईंच्या आईंनी. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अंघोळ घालायला आलीयेस की घालून घ्यायला?"

मी हसले. मोरीत पाटावर बसले, पाय लांब केले, ताईंनी बाळ माझ्या पायांवर दिलं, दोन महिन्यांचं, गरम गरम. आणि फळीकडे बघते तर तिन्ही बाटल्या पांढऱ्या, वर बारीक सोनेरी वळणदार इंग्रजी अक्षरं. शब्द माझ्या तोंडात होते, डोळ्यांना त्यांची ओळखच नव्हती! विचारायची लाज वाटली. फोटोत डावीकडे तेल होतं म्हणून मी डावीकडची उचलली, हातावर ओतली, छातीला, पाठीला, मांड्यांना चोळत सुटले, आणि फेस यायला लागला. कोरड्या बाळाला गळ्यापर्यंत फेस! ते माशासारखं निसटायला लागलं, मी दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरलं. गेलं घर, म्हणलं. सासूबाईंना काय सांगू?

"ताई, चुकलं माझं," मी बोलून टाकलं. "हा साबण आहे. मला बाटलीवरचं वाचता येत नाही."

बाळ शिंकलं.

"मला पहिल्या थेंबालाच दिसलं होतं," आजी म्हणाल्या.

"मग आजी, बोलला का नाहीत?"

"तुझ्या सासूच्या जागी परवा आलेली बाई फेस काढत होती आणि मला सांगत होती, तेलच आहे म्हणून. म्हटलं, तू किती वेळात सांगतेस ते बघू."

तशा ताई हसायला लागल्या, भिंतीला टेकून हसायला लागल्या. त्यांनी स्वतः सोमवारी ते शेवटचं क्रीम बाळाच्या डोक्याला शाम्पू म्हणून लावलं होतं.

"आणि हिच्याकडे दोन डिग्र्या आहेत," आजी मला म्हणाल्या.

मग आजींनीच एकेक बाटली माझ्या हातात दिली, नाव मोठ्यानं वाचून. फेस धुतला, बाळाला कोरडं केलं, तेल लावलं, साबण लावून परत ऊन पाणी घातलं. मी बाळाशी बोलत होते, सॉफ्टनिंग झालं हं राजा, आता सूदिंग, आणि ते माझ्याकडे टक लावून बघत होतं, मग मुठी उघडल्या, मग मान सैल झाली आणि माझ्या पायांवरच झोपलं.

"कामिंग राहिलं," मी हळूच म्हणलं.

"झोपलेल्याला आणखी किती शांत करशील?" आजी म्हणाल्या. "ठेव ती बाटली. उद्या नऊला ये. सव्वानऊला दार उघडणार नाही."

लिफ्ट होती, तरी मी जिन्यानंच पळत उतरले. रस्त्यावरूनच सासूबाईंना फोन लावला, मला धड बोलताच येईना.

"निसटलं नाही ना हातातून?"

"निसटत होतं. गुडघ्यात धरलं."

"झोपलं?"

"झोपलं. उद्या बोलावलंय, आई! नऊला!"

"मग ओरडतेस कशाला? घरी ये, तुझी पोरगी इथं ओरडतेय ती पुरे आहे."